कस्तुराचा पाचोळा

“झाडताना मेलेलं पिल्लू सापडलं, तर नवसाला बाध येतो का हो, आक्का?”

तुळसाक्कांनी मान वर केली नाही.

सातेरीच्या देवळामागे, पाचोळ्यावर गोणपाट टाकून त्या बसल्या होत्या. मांडीवर माडाचं झावळ, हातात लहानशी सुरी. एकेक पात सोलायची, आतली काडी मोकळी करायची, बाजूला ठेवायची. त्या काड्यांचे खराटे होत. वाडीतल्या प्रत्येक घरात तुळसाक्कांच्या हातचा खराटा होता.

सर्र... सर्र...

रतनच्या हातात टोपली होती. टोपलीत ओला पाचोळा. त्यावर पिल्लू, अंगठ्याएवढं. अंगावर पीस नाही, डोळे मिटलेले. चोच मात्र उघडीच राहिली होती.

“आक्का, मी तुम्हाला विचारतेय.”

सुरी थांबली.

“खंय गावलां?”

“त्या धाकट्या सुरंगीखाली. मी रोज झाडते तिथंच. अगदी स्वच्छ जागेवर पडलं होतं, म्हणून तर दिसलं.”

“स्वच्छ जागेर...” तुळसाक्का स्वतःशीच पुटपुटल्या आणि पुन्हा पात सोलू लागल्या.

रतनचे डोळे भरून आले. तिला पिल्लाचं वाईट वाटत होतं, नाही असं नाही. पण तिला खरी काळजी होती ती दुसऱ्याच कुणाची.

ज्येष्ठात, लेक तन्वी माहेरी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी, रतन याच सातेरीपुढे पदर पसरून उभी राहिली होती. सातेरीला मूर्ती नाही. चहूबाजूंनी उघड्या कौलारू छपराखाली माणसाच्या छातीएवढं वारूळ आहे, त्यालाच लुगडं नेसवतात, त्यालाच कुंकू लावतात. त्या वारुळाला रतनने सांगितलं होतं, “आई सातेरी, माझ्या लेकीची कूस दोनदा रिकामी झाली. एकदा तिसऱ्या महिन्यात, एकदा सहाव्यात. या खेपेला तिचं बाळ तिच्या मांडीवर दे. मी श्रावणभर रोज पहाटे तुझं अंगण झाडीन. झाडून होईपर्यंत पाण्याचा थेंब तोंडात घेणार नाही.”

आता श्रावण चालू होता, आणि तन्वीला सहावा लागला होता.

नवसाच्या बाबतीत रतन धुरीचा हात धरणारं काजरेवाडीत कुणी नव्हतं. सोळा सोमवार तिने तीनदा केले होते. चातुर्मासात काय सोडायचं आणि काय धरायचं, कोणत्या देवीला लाल फूल आणि कोणतीला पांढरं, हे तिला पाठ होतं. बायका नवस बोलायच्या आधी तिला विचारून जात. बोललेला एकही नवस तिने अंगावर ठेवला नव्हता. ती हे कुणाला सांगत फिरायची नाही. पण दुसऱ्या कुणी सांगितलं तर थांबवायचीही नाही.

म्हणून झाडायला लागली तीही रतनसारखीच लागली.

अंगण चार दिवसांत लख्ख झालं. पण सकाळी बघावं तर पुन्हा पानं. कुठून येतात? देवळाभोवतीच्या राईतून. मग राईच झाडली तर? आधी पायवाट, मग पायवाटेच्या दोन्ही कडा, मग मोठ्या सातविणीचा बुंधा, मग बकुळीखालची जागा... श्रावणातली पानं ओली, जमिनीला चिकटलेली. ती खराट्याने निघेनात, तेव्हा तिने हाताने उचलली.

देवीच्या राईतून काडीसुद्धा बाहेर न्यायची नाही, हा वाडीचा जुना नेम. तो रतनने मोडला नव्हता. लाकूड नाही, फळ नाही, फूल नाही. पाचोळा म्हणजे केर, आणि केराला कुणी देवीचा म्हणतं का? टोपल्या भरभरून तिने तो गडग्याच्या बाहेर टाकला. दगडांच्या त्या कुंपणाला लागून आता कमरेएवढा ढीग झाला होता.

लोक बघायला येऊ लागले. वाडीच्या ग्रुपवर कुणीतरी फोटो टाकला. खाली लिहिलं, आपली राई कशी आरशासारखी दिसतेय बघा. तन्वीने पलंगावर पडल्या पडल्या तो आईला दाखवला आणि म्हणाली, “आई, आता फक्त फडक्याने पुसायची राहिलीय.”

रतन हसली होती. तिला बरं वाटलं होतं.

आणि आज एकविसाव्या दिवशी हे पिल्लू.

“आक्का... काहीतरी बोला. अपशकुन आहे का?”

तुळसाक्कांनी झावळ बाजूला ठेवलं. टोपलीतलं पिल्लू दोन बोटांनी अलगद उचललं. मागे हात नेऊन ते पाचोळ्यात ठेवलं, आणि वर दोन मोठी पानं ओढली. झोपलेल्या लेकरावर आपण पांघरूण घालतो तशी.

“खराटो ठेव,” त्या म्हणाल्या. “बस.”

“अजून बकुळीखालचं झाडायचं आहे. पाणीसुद्धा घेतलेलं नाही मी.”

“बस गो.”

रतन बसली. गोणपाटाच्या कडेला, अर्धी पाचोळ्यावर. ओल लुगड्यातून लागली. अंग चोरून ती म्हणाली, “इथं किती ओलं आहे हो. तुम्ही कशा बसता रोज?”

तुळसाक्कांनी गोणपाटाची कड तिच्याकडे सरकवली.

“आणि तुम्ही सरकत नाही म्हणून ही एवढी जागा राहिलीय माझी झाडायची.”

तुळसाक्कांच्या ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. तोंडात मिश्री होती, की हसू होतं, कळलं नाही.

“हाऽऽ,” त्या म्हणाल्या. “बसलेल्या माणसाक खराटो लावतत नाय.”

“तेच तर. म्हणून मी काही बोलले नाही.”

“मीय नाय बोललंय.”

... 

बराच वेळ गेला. पागोळ्या थांबल्या. सातविणीवरून एक थेंब पडला, मग दुसरा.

रतनने काहीतरी विचारायला तोंड उघडलं, तेवढ्यात तुळसाक्कांनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. त्यांनी मान वळवली नव्हती. फक्त डोळ्यांनी खूण केली... मागे.

पाठीमागे, दोन हातांवर, पान हललं.

वारा नव्हता.

रतनने हळूच मान फिरवली.

एक पाखरू. साळुंकीएवढं. डोक्यापासून पोटापर्यंत जणू कुणी केशर खलून लावलं होतं. पाठ पावसाळी आभाळासारखी राखी. पांढऱ्या गालावर दोन काळ्या उभ्या रेघा, पंखावर एक पांढरा ठिपका. आणि एवढं रूप असून पाखरू उभं होतं कुठे, तर अंधाऱ्या ओलीत, कुजक्या पानांत, पाय मातीने माखलेले.

ते दगडासारखं निश्चल होतं. रतनला वाटलं, आपल्याला पाहून हे उडणार. पण ते उडालं नाही. उगाच पंख फडफडवले नाहीत, ओरडलं नाही. नुसतं उभं राहिलं, जणू आपण इथे नाहीच. रतननेही पापणी हलवली नाही.

मग पाखराने मान तिरकी केली. चोचीने एक पान उचललं, बाजूला टाकलं. खाली बघितलं. काही नव्हतं. एक पाऊल. दुसरं पान उचललं, टाकलं. एक पाऊल. तिसऱ्या पानाखाली गांडूळ होतं. ते चोचीत धरलं. पान होतं त्या जागेपासून वीतभर बाजूला पडलं होतं, पालथ्याचं उताणं झालेलं, एवढंच.

चोचीत गांडूळ घेऊन पाखरू निघालं. पण सरळ नाही. आधी उजवीकडे दोन उड्या, मग थांबलं. वारुळाला वळसा. पुन्हा थांबलं. मग झाडलेल्या जागेच्या कडेला आलं.

तिथून पुढे उघडी जमीन. रतनने आरशासारखी केलेली.

पाखरू त्या कडेला घुटमळलं. आपण ओल्या लादीवर पाय टाकताना करतो तसं. मग अंग आखडून, खाली वाकून, ते एका दमात धावलं आणि धाकट्या सुरंगीच्या बेचक्यात नाहीसं झालं. तिथून बारीक, चिवचिवीपेक्षाही बारीक आवाज आला... आणि बंद झाला.

“घरटं,” रतन कुजबुजली. “म्हणजे ते पिल्लू...”

“हम्म.”

“आणखी आहेत का? मी बघते जरा.”

“बघूक नको.”

“लांबून.”

“लांबसूनय नको.”

पाखरू परत आलं. पुन्हा त्याच वाटेने, तसंच थांबत थांबत. आणि पुन्हा तुळसाक्कांच्या पाठीमागच्या त्याच पाचोळ्यात. चादरीएवढा तुकडा असेल. तेवढाच राहिला होता साऱ्या राईत. झाडलेल्या जागेत एकदाही चोच घातली नाही त्याने. घालून तरी काय मिळणार होतं?

रतनने त्या तुकड्याकडे बघितलं. मग गोणपाटाकडे. मग तुळसाक्कांच्या पाठीकडे.

एकवीस दिवस ही म्हातारी इथंच बसत होती. देवळाची ओसरी कोरडी होती, तिथं नाही. गुडघे धरतात म्हणून रोज कण्हत उठायची, पण बसायची इथंच...

“आक्का,” रतन म्हणाली. “तुम्ही सगळं बघत होतात. एका शब्दाने बोलला नाहीत?”

“तू इचारलंस?”

रतन हाताखालचं ओलं पान चाचपत राहिली.

“देवीक तरी इचारलंस?”

“मी देवीसाठीच तर...”

“होय,” तुळसाक्का म्हणाल्या. “वायट नाय केलंस. जास्त केलंस.”

रतनने पदराने डोळे पुसले. पहाटेची ती शीळ तिला आत्ता आठवली. श्रावणाच्या पहिल्या आठवड्यात ती अंगणात खराटा टेकायची, तेव्हा राईतून एक शीळ यायची. गोड, वळणं घेत जाणारी, मध्येच दुसऱ्याच कुठल्या पाखराची नक्कल करून पुन्हा आपल्या सुरावर येणारी. कोण गातंय हे बघायला ती कधी थांबली नव्हती. मग शीळ बंद झाली. पाऊस वाढला म्हणून असेल, असं तिला वाटलं होतं.

“इतकं देखणं पाखरू,” ती म्हणाली, “आणि मला एकवीस दिवसांत एकदाही दिसलं नाही. कुणालाच दिसत नसेल.”

“तेका काय पडलां?”

“त्याला काय म्हणतात?”

“आम्ही नाव ठेवूक नाय. कोणाच्या अध्यात ना मध्यात. पानां परतता, खाता, पिलांक घालता. पाटेक गाता. कोण नाय बघता तेव्हा.”

रतनला हसू आलं आणि रडूही आलं. मग एकदम आठवून ती ताठ बसली.

“पण आक्का, नऊ दिवस राहिलेत. मी देवीला शब्द दिलाय, श्रावणभर झाडीन म्हणून. आता झाडू नको म्हणालात तर नवस मोडतो. आणि झाडलं तर...” तिने सुरंगीकडे बघितलं. “माझ्या तन्वीला सहावा चालू आहे हो. मी काय करू?”

“झाड.”

“अं?”

“शब्द दिलंस ना? झाड.”

“अहो, पण आत्ताच तर...”

तुळसाक्का उठल्या. एक हात गुडघ्यावर, एक रतनच्या खांद्यावर. रतनची टोपली त्यांनी उचलली आणि गडग्याच्या फटीतून बाहेर गेल्या. रतन बघतच राहिली. म्हातारी त्या कमरेएवढ्या ढिगाशी वाकली. हाताने ओला, अर्धवट कुजलेला पाचोळा टोपलीत ओढला. टोपली कमरेवर घेऊन, थांबत थांबत, परत आली.

आणि आरशासारख्या त्या जमिनीवर तिने ती सगळी ओतली.

तीन आठवड्यांच्या कष्टांवर. रतनच्या तोंडून “अगं आई!” निघून गेलं.

तुळसाक्कांनी गोणपाटाजवळचा खराटा उचलून तिच्या हातात दिला.

“झाड,” त्या म्हणाल्या. “भायरसून आत.”

...

घरी आली तेव्हा तन्वी डाव्या कुशीवर पडून होती. डॉक्टरांनी तसंच पडायला सांगितलं होतं.

“आज उशीर?”

“हो गं. हलतंय ना?”

“आई, सकाळपासून तिसऱ्यांदा विचारतेयस. जायच्या आधी दोनदा विचारून गेलीस.”

“अगं, काळजी वाटते.”

“मलाही वाटते. तू विचारलंस की आणखी वाटते. मग मी पोटावर हात ठेवून वाट बघत बसते. आणि मी वाट बघत बसले की ते मुळीच हलत नाही.”

रतन तिच्या पायाशी बसली. पिल्लाचं तिने लेकीला सांगितलं नाही. पाखराचं मात्र सांगितलं. केशरी पोट, गालावरच्या रेघा, पानं उलटण्याची तऱ्हा. तन्वीने मोबाईलवर शोधलं आणि म्हणाली, “हा बघ. कस्तुर. केशरी डोक्याचा कस्तुर.”

रतनने फोटो पाहिला. “हाच. पण याच्यात तो फारच उजेडात बसलाय,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती राईत गेली. खराटा अंगणात उभी राहून नव्हे, गडग्याबाहेर उभी राहून धरला. माहेरी, सासरी, कुणीही तिला असं शिकवलं नव्हतं. घर झाडायचं ते आतून बाहेर. देव्हाऱ्यापासून उंबऱ्याकडे. हात उलटा पडेना. पहिले दोन फटकारे तर सवयीने बाहेरच गेले.

मग हळूहळू जमलं. ढीग मोडून फटीतून आत लोटायचा, मग टोपलीने नेऊन झाडांखाली पसरायचा. सुरंगीपासून लांब राहून. पाखरू कुठून येतं, कुठे थांबतं ते आता तिला माहीत होतं. ती वाट सोडून.

चौथ्या दिवशी शेजारची सुशीला फुलं वाहायला आली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

“काय गो रतन, नवस उलटो बोललंस काय?”

“तसंच समज.”

“आरशासारखी केलेली राय, आणि आता स्वतःच कचरो घालतंस? ग्रुपवर टाकू काय फोटो?”

रतनचे कान तापले. पूर्वीची रतन असती तर खराटा खाली ठेवून तिने शास्त्र समजावलं असतं. आता तिने बकुळीकडे बघितलं. पाचोळ्याच्या कडेला केशरी काहीतरी दगडासारखं थिजून उभं होतं. सुशीलेचा आवाज ऐकून थांबलं होतं. ते गेलं नव्हतं, फक्त थांबलं होतं.

“टाक हो,” रतन हळू आवाजात म्हणाली. “पण जरा सावकाश बोल.”

सुशीला मान हलवत गेली. वाडीत दोन दिवस चर्चा झाली, की लेकीच्या काळजीने रतनचं डोकं फिरलंय. नवस विचारायला कुणी बाई त्या आठवड्यात तिच्याकडे आली नाही.

तिला लागलं. खोटं कशाला सांगायचं, चांगलंच लागलं. पण सकाळी खराटा हातात घेतला की विसरायला व्हायचं. कारण आता ती झाडून झाल्यावर गोणपाटाच्या कडेला बसायची. पाणी न पिता, न बोलता. आणि रोज काहीतरी नवीन कळायचं.

पाखरं दोन आहेत, हे तिसऱ्या दिवशी कळलं. एक गडद, एक फिकट. दोघंही भरवतात. एक आत असेल तर दुसरं बाहेर थांबतं, घाई करत नाही.

पान उलटल्यावर ते पान बरोबर घेऊन जात नाहीत. धरतात, उचलतात, सोडतात. एवढी पानं उलटून पुन्हा जमीन जशीच्या तशी. कुणी इथं जेवून गेलं, हे सांगूनही खरं वाटू नये.

आणि सातेरीच्या वारुळाच्या तळाशी, जिथे तिने परत आणलेला पाचोळा टेकला होता, तिथे सातव्या दिवशी ओल्या मातीचा नवा थर चढला होता. वाळवीने एक पान अर्धं आत ओढून नेलं होतं.

“आक्का! देवी वाढतेय!”

तुळसाक्कांनी एकदा बघितलं. “इतके दिवस उपाशी होती,” एवढंच त्या म्हणाल्या, आणि दुसरं झावळ मांडीवर घेतलं.

घरीही रतनने एक गोष्ट केली. कुणाला न सांगता केली. विचारणं बंद केलं. लेकीच्या खोलीत जायची, भाजी निवडायला घेऊन बसायची, पाठ अर्धी तिच्याकडे करून. “हलतंय का” हे शब्द जिभेवर येत. ती ते गिळायची. पहिल्या दिवशी तर एका जुडीची पानं निवडायला तिला तास लागला.

श्रावणाचा शेवटचा दिवस, पिठोरी अमावास्या. पहाटे तिने उरलेला पाचोळा आत लोटला. गडग्याबाहेर आता नुसती काळी ओली जमीन उरली होती. सुरंगीचं बेचकं गप्प होतं. दोन्ही पाखरं दिसली नाहीत. 

“आक्का, घरटं...”

तुळसाक्कांनी हनुवटीने बकुळीखाली दाखवलं.

पाचोळ्यात दोन ठिपकेदार, शेपूट नसलेले गोळे बसले होते. एकाने समोरचं पान उचललं. पान त्याच्यापेक्षा मोठं होतं. ते त्याच्याच डोक्यावर पडलं. त्याने पुन्हा उचललं.

रतन पदर तोंडाशी धरून हसत राहिली. गालांवरून पाणी वाहत होतं, ते पुसायचं भान नव्हतं.

संध्याकाळी घरात तिने पिठोरीची पूजा केली. खीर-पुरीचं ताट दोन्ही हातांनी मागे धरलं आणि रीतीप्रमाणे लेकीकडे पाठ करून उभी राहिली. मागे वळायचं नसतं.

“अतीत कोण?” ताट घेणाऱ्या लेकराला विचारायचं तसं तिने विचारलं.

“मी,” पलंगावरून तन्वी म्हणाली.

 ताट कुणी घेईना. रतनच्या मनात नको नको ते आलं, पण ती वळली नाही.

“आई...” तन्वीचा आवाज बदलला होता. “आणखी एक जण मी म्हणतंय. चांगलं जोरात म्हणतंय. ताट राहू दे... इथे हात दे.”

रतनने न वळताच ताट एका हातावर तोललं आणि दुसरा हात मागे लांबवला.

...

मुलगी झाली ती मार्गशीर्षात. भरल्या दिवसांची, भरल्या अंगाची, रडायला लागली की तिठ्यापर्यंत ऐकू जाणारी. सव्वा महिना झाल्यावर रतन तिला देवीच्या पायांवर घालायला घेऊन आली. तन्वी बरोबर होती. ती ओटीचं सामान घेऊन देवळात पुढे गेली.

तुळसाक्का होत्या त्याच जागी होत्या. तेच गोणपाट, तीच सुरी.

रतनने नात त्यांच्या मांडीवर दिली आणि शेजारी पाचोळ्यावर बसली. पाचोळा आता कोरडा होता, पाय ठेवला की चुरचुरायचा.

“आक्का, एक विचारायचं राहिलंय. नवसाला बाध येतो का म्हणून विचारलं, तेव्हाही तुम्ही उत्तर दिलं नाहीत.”

सर्र नाही. सुरी खाली होती. म्हातारी बाळाकडे बघत होती.

“एकवीस दिवस मी आतून बाहेर झाडलं, नऊ दिवस बाहेरून आत. मग माझा नवस फिटला, की मोडला? सांगा ना. मला अजून झोप लागत नाही त्याच्याने. काही राहिलं असेल तर अजून करते. पुढचा श्रावण करते. या पोरीवर काही येऊ नये, एवढंच.”

 तुळसाक्कांनी बाळाला अलगद उचललं आणि गोणपाटावर, पाचोळ्याच्या कडेला, उताणं ठेवलं.

बाळाने हात हलवले. एक मूठ बाजूच्या पानांवर पडली, उघडली, मिटली. मुठीत बकुळीचं एक सुकं पान आलं.

“अगोबाई, सोड सोड!” रतन पुढे वाकली. “देवीचं आहे ते. इथून काही न्यायचं नसतं, बाळा...”

ती नातीची इवली बोटं एकेक करून उघडू लागली. एक उघडावं तर दुसरं मिटायचं.

पाठीमागे, दोन हातांवर, कुणीतरी पान उलटलं.

तुळसाक्कांनी रतनचं मनगट धरलं.

“तां सोडतलां तेव्हा सोडतलां,” त्या म्हणाल्या. “...तू सोड.”